सूर्यभान हनवतेचा काळा ट्रे

सूर्यभान हनवते गेला तेव्हा आमच्या दफ्तरात शोकसभा झाली. निवृत्त अटेंडरसाठी कुणी शोकसभा घेतं का? घेत नाहीत. पण त्या दिवशी एका बड्या साहेबांची सभा होतीच, तिच्या शेपटाला ह्याचंही नाव बांधलं. एक कोवळा अधिकारी उठला, खिशातून कागद काढला आणि इंग्रजीत वाचून मोकळा झाला, की कै. सूर्यभान हे अत्यंत आज्ञाधारक सेवक होते. मी मागच्या खुर्चीत काठी धरून बसलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज्ञाधारक म्हणे! सदतीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने एकदाच आज्ञा मोडली, आणि त्या एका वेळेमुळे माझी भाची आज जिवंत आहे, नारायणगुड्याच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवते आहे. त्या वेळी ज्यांनी ज्यांनी आज्ञा पाळली त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यात माझंही आहे. सभेत उठून हे सांगायची हिंमत झाली नाही, नावात हिंमत असून. म्हणून आता लिहितो आहे.

मी हिम्मतराव, बिलोली तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. निजामाच्या राज्यात चार इयत्ता उर्दू शिकलो, नंतर टायपिंग शिकलो, आणि जनावरांचे रोग तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कारकून म्हणून चिकटलो. राहायला चिक्कडपल्लीला. सूर्यभान कंधारकडचा, माझ्या आधी दोन वर्षं लागलेला. तो अंबरपेठेत राहायचा, बायको पंचफुला आणि दोन मुली. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला 'राव' म्हणायचा. आज त्याला 'ते सूर्यभानजी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही कोण सज्जन होतो. तेव्हा राहू दे तसंच.

कागदावर तो अटेंडर. म्हणजे टेबल पुसणारा, पाणी आणणारा. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळा त्याच्या दोन डोळ्यांवर चालत होती. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. तांदळाच्या कणीएवढा, तीनचार कप्प्यांचा. कुत्र्याला त्याचं काही होत नाही, ते खातंपितं, शेपूट हलवतं. पण जंताचा शेवटचा कप्पा अंड्यांनी भरलेला असतो. ती अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना लागतात, आणि कुत्र्याला कुरवाळून तसंच जेवायला बसलेल्या माणसाच्या पोटात जातात. तिथून यकृतात. मग वर्षानुवर्षं तिथे पाण्याची एक पिशवी वाढत राहते, कुणाला पत्ता लागत नाही. मेंढीतही तेच होतं. कसाई मेंढी कापतो, कलेजीत पाण्याची थैली दिसली की ती गिऱ्हाइकाला देता येत नाही म्हणून उचलून कुत्र्यापुढे टाकतो, आणि कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत.

हा जंत शोधायची रीत मोठी घाण होती. कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवायचं. सकाळी सुपारीच्या अर्काचं औषध वजन बघून द्यायचं. अर्ध्यापाऊण तासात कुत्र्याचं पोट पार साफ होतं. जे पडेल ते, विशेषतः शेवटचं शेंबडासारखं, काळ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये घ्यायचं, कोमट मिठाच्या पाण्यात धुवायचं, गाळायचं, पुन्हा धुवायचं. मग खिडकीशी बसून काळ्या तळावर पांढरी कणी शोधायची. सापडली की सुईच्या टोकाने काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायची. सगळं झालं की उरलेलं जाळायचं आणि भांडी, फडकी उकळायची. चूक झाली तर पिशवी तपासणाऱ्याच्याच पोटात. म्हणून सूर्यभान रोज सकाळी नखं कापून यायचा, आणि दफ्तरात असेपर्यंत पानसुद्धा तोंडात टाकायचा नाही.

आता हे काम पदवीधर साहेबांचं. नियमात तसंच लिहिलं होतं. पण कुत्र्याची विष्ठा चिवडायला साहेब बसणार? त्यांना घरी जाऊन पूजा करायची असायची. मग हे काम कुणाकडे जाणार, हे ह्या देशात कुणाला सांगावं लागत नाही. सूर्यभान कुठल्या वस्तीतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ट्रे त्याच्यापुढे सरकवला गेला. सुरुवातीला तो नुसता धुवायचा. मग बघायला लागला. मग दहा वर्षांत असा तयार झाला की बाकी कुणी बघायची गरजच राहिली नाही. साहेब नाकाला रुमाल लावून दारातून विचारायचे, "क्या निकला?" तो सांगायचा, मी इंग्रजीत टाइप करायचो, साहेब सही ठोकायचे. एकच प्रत निघायची, ती कुत्र्याच्या मालकाला. दफ्तरात राहायची ती सूर्यभानची वही. तो चौथीपर्यंत मराठी शिकलेला, त्याने ती मराठीत ठेवली होती. तारीख, मोहल्ला, मालक, कुत्र्याचं नाव, काय सापडलं. अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण वाचता यायचं.

बावन्न सालच्या पावसाळ्यात त्या वहीत माझ्या मेहुण्याच्या कुत्र्याचं नाव चढलं. माझी बहीण सत्यवती अंबरपेठेत दिलेली. मेहुणे किशनराव यांचं कडब्याचं दुकान, आणि राखणीला एक कुत्रं, काळ्या. शेजारच्या कसायाच्या दुकानामागे ते सदा पडलेलं असायचं. किशनरावांना वाटलं त्याला खरूज झाली आहे, म्हणून मीच त्याला साखळी लावून दफ्तरात नेलं. खरूज नव्हतीच, पण सूर्यभानने ट्रे केला आणि खिडकीतून मला हाक मारली. "राव, बगा, किती कण्या हायत." मी लांबूनच मान हलवली. त्याने वहीत लिहिलं, मी टाइप केलं, साहेबांनी सही केली. संध्याकाळी तो स्वतः किशनरावांच्या दुकानी गेला आणि म्हणाला, "लेकराला कुत्र्यापासून दूर ठेवा, हात धुवून जेवू द्या." लेकरू म्हणजे जयवंता, तेव्हा आठ वर्षांची, काळ्याच्या गळ्यात हात टाकून झोपणारी. किशनराव हसले. म्हणाले, "आता कुत्र्याचे वैद्य माणसांना शिकवाय लागले." तो कागद त्यांनी दुकानात कशाला तरी गुंडाळला. दोन वर्षांनी काळ्या मेला आणि गोष्ट विसरली गेली.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, बाकीचं आंध्र प्रदेश. आमच्या दफ्तराचीही वाटणी निघाली. माणसं वाटली, कपाटं वाटली, औषधांच्या बाटल्या वाटायच्या राहिल्या म्हणून कपाटांना कुलपं लावून वर लाखेचं सील ठोकलं. जुन्या साहेबांना मुंबई राज्य मिळालं, ते गेले. नवे साहेब आले. कुणाला कुठे ठेवायचं ह्याच्या याद्या रोज बदलत होत्या आणि जो तो आपली अर्जी घेऊन नव्या साहेबांच्या दाराशी. माझी बायको चिक्कडपल्ली सोडायला तयार नव्हती, मुलांच्या शाळा इथे. मीही अर्जी दिली, की मला हैद्राबादेतच ठेवावं.

कागदांची वाटणी माझ्या गळ्यात पडली. हुकूम असा, की ज्या जिल्ह्याचे कागद त्या राज्याला. तीन ट्रंका उघडून ठेवल्या होत्या, फाटकात लॉरी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. चाळीस गठ्ठे. मी जिल्हा बघत बसलोच नाही, लिपी बघत गेलो. कन्नड दिसलं की ह्या ट्रंकेत, मराठी दिसलं की त्या. सूर्यभान दोरी बांधत होता. त्याने हात धरला नाही माझा, पण स्पष्ट म्हणाला, "राव, ती वही इथली हाय. अंबरपेठ, नारायणगुडा, सगळी इथलीच कुत्री हायत तिच्यात."

मी म्हणालो, "मराठी आहे ना? मग औरंगाबाद."

आणि हैद्राबादच्या गल्लीबोळांतल्या कुत्र्यांची एकोणीस वर्षांची वही लॉरीत बसून औरंगाबादला गेली. जिथे त्यातलं एकही कुत्रं कधी भुंकलं नव्हतं.

जानेवारीत जयवंताच्या बरगडीखाली गाठ दिसायला लागली. पोरगी तेरा वर्षांची. सत्यवतीने तिला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून सांगितलं, यकृतात पू झाला आहे, गुरुवारी जाड सुई घालून काढू. मी सोमवारी दफ्तरात हे सहज बोललो. सूर्यभान काचा पुसत होता, तो थांबला.

"ताप हाय का लेकराला?"

"नाही."

"दुखतंय?"

"फारसं नाही. जड वाटतं म्हणते."

"मंग पू कशाचा, राव?" त्याने हातातली काच खाली ठेवली. "काळ्यासंगं झोपणारी तीच पोरगी ना? ती पिशवी हाय. सुई टोचू देऊ नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर लेकरू जागच्या जागी जाईल. आणि वाचलंच तर एका पिशवीच्या शंभर होतील."

हे त्याला कसं ठाऊक? जुन्या साहेबांकडे एक जाड पुस्तक होतं, त्यातली चित्रं तो बघायचा आणि चित्राखाली काय लिहिलं आहे ते मला विचारायचा. मीच त्याला वाचून दाखवलेलं. माझ्या डोक्यातून गेलं, त्याच्या डोक्यात राहिलं.

दुपारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मोठे डॉक्टर वॉर्डात होते. सत्यवती खाटेशी उभी. सूर्यभानने हात जोडून सगळं सांगितलं, नीट, क्रमाने. डॉक्टरांनी त्याच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. "तुम क्या हो उधर?"

"अटेंडर, साब."

आजूबाजूचे शिकाऊ डॉक्टर हसले. मला अजून ते हसू आठवलं की हात शिवशिवतात. मोठे डॉक्टर मात्र हसले नाहीत, ते म्हणाले, "कागज लाओ, मियाँ. कुत्तों के दवाखाने की ज़बानी बातों पे मैं इलाज नहीं करता." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आप भी वहीं के हैं? आप को मालूम है कुछ?"

सूर्यभानने माझ्याकडे पाहिलं. सत्यवतीने पाहिलं.

मला काय माहीत नव्हतं? कुत्रं मी नेलं होतं. रिपोर्ट मी टाइप केला होता. एवढं जरी बोललो असतो तरी सरकारी दफ्तरातल्या कारकुनाचा शब्द म्हणून त्यांनी दोन दिवस थांबून पाहिलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की रजिस्टर कुठे आहे, आणि ते चुकीच्या ट्रंकेत कुणी घातलं. त्याच आठवड्यात माझी अर्जी साहेबांच्या टेबलावर होती. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं, की एवढा मोठा डॉक्टर, त्याला कळणार नाही आणि सूर्यभानला कळेल होय?

मी म्हणालो, "रजिस्टर औरंगाबादला गेलंय, साहेब."

खोटं नव्हतं. वाक्य अगदी खरं होतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्याला चाबकाने फोडलं पाहिजे.

दवाखान्याच्या फाटकाशी सूर्यभान थांबला. मग एवढंच म्हणाला, "राव, कुत्रं तुमीच आनलं व्हतं." मी म्हणालो, "हो." तो चालत निघून गेला.

मंगळवारी त्याने पोस्टातल्या बाबूकडून लिहून घेऊन जुन्या साहेबांना तार केली. संध्याकाळी उत्तर आलं, दोन शब्दांचं. रजिस्टर पाहावे. दुसरं ते लिहिणार काय! दारातून सही करणाऱ्या माणसाने ट्रेमध्ये कधी वाकून पाहिलं असतं तर त्याला काही आठवलं असतं. नव्या साहेबांकडेही तो गेला. म्हणाला, मला कपाटातलं औषध द्या, मी त्याच गल्लीतलं दुसरं कुत्रं तपासून दाखवतो. साहेब म्हणाले, कपाटं वाटणी कमिटीच्या ताब्यात आहेत, कमिटी फेब्रुवारीत बसेल. सूर्यभान म्हणाला, सुई परवा आहे. साहेब म्हणाले, माणसांच्या आजाराशी आपल्या खात्याचा संबंध नाही. हे संभाषण मी टाइपरायटरमागे बसून ऐकलं. माझी बोटं थांबलीसुद्धा नाहीत.

त्या रात्री कसायाच्या दुकानामागची भुरी कुत्री सूर्यभानच्या दाराशी बांधलेली होती, उपाशी. पंचफुलाने विचारलं की हे काय नवीन. तो म्हणाला, "दफ्तराचं काम हाय." आदल्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि तेव्हापासून तो कुणी 'सूर्या' म्हटलं तर ओ देईनासा झाला होता. साहेबांना हे फार खुपायचं. पंचफुला मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, आता ह्यांचं कायतरी हुनार."

बुधवारी सकाळी सात वाजता, झाडलोट करायला म्हणून प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे असायची, त्याने दार उघडलं आणि कपाटाचं सील तोडलं. गुपचूप नाही. चौकीदाराला समोर उभं केलं. औषध मोजून घेतलं, आणि तुटलेल्या लाखेवर चिकटवून चिठ्ठी ठेवली. 'औषध काढण्यासाठी सील मी तोडले. सूर्यभान हनवते.' तारीख, वेळ. असा चोर कुणी पाहिला आहे का?

सोबत आणलेल्या भुरीने पाऊण तासात आपलं काम केलं. काळ्या ट्रेमध्ये कण्याच कण्या. त्याने चार काचा तयार केल्या, ट्रेवर दुसरा ट्रे उपडा घालून बांधला, वाटेत कसायाकडून कालच्या मेंढीची कलेजी घेतली, पाण्याच्या थैलीसकट, आणि दवाखान्याची वाट धरली. अंबरपेठ-चिक्कडपल्लीच्या रस्त्याने लोक नाक दाबून बाजूला होत होते, असं तोच मला पुढे हसत सांगायचा.

फाटकावर शिपायाने अडवलं. "गंदगी ले के किधर?" हुज्जत चालली असताना जिन्यावरून एक तरुण डॉक्टरीणबाई उतरल्या, डॉ. पद्मावती. सोमवारी हसणाऱ्यांत त्याही होत्या, हे त्यांनीच मला कबूल केलं. त्यांनी ओळखलं.

"क्या लाए अय्या, वो बच्ची के वास्ते?"

"देखो अम्मा. सिरफ एक बार दुरबीन में देखो. फिर मारो या भगाओ."

त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. सूर्यभानने काच लावली, स्क्रू फिरवून नजर बसवली आणि बाजूला सरकला. पद्मावती बराच वेळ वाकून राहिल्या. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, पण जंत असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग त्याने मेंढीची कलेजी उघडली आणि ती पिशवी दाखवली. "ये बच्ची के पेट में है," म्हणाला.

"आप कितने साल से देखते?"

"उन्नीस."

"मैं आज देखी," त्या म्हणाल्या.

पुढचं त्या बाईंनी लढवलं, आणि त्यांचं श्रेय मी बुडवणार नाही. मोठ्या डॉक्टरांशी त्यांची खडाजंगी झाली. शेवटी एक चाचणी कबूल झाली. मेंढीच्या पिशवीतलं पाणी गाळून, शुद्ध करून त्याचा थेंब पोरीच्या हाताच्या कातडीखाली घालायचा, पोटात तसलीच पिशवी असेल तर तिथे सूज उठते. ते तयार करण्यात संध्याकाळ झाली. थेंब घातल्यावर वीस मिनिटांत जयवंताच्या हातावर रुपयाएवढी लाल गांधी उठली. गुरुवारची सुई रद्द झाली. पुढच्या आठवड्यात सर्जनने पोट उघडून, आजूबाजूला औषधाच्या पट्ट्या लावून, पाण्याचा थेंब न सांडता ती पिशवी काढली. मोसंब्याएवढी होती.

आता तिकडे बुधवारी सकाळी साडेदहाला काय चाललं होतं ते सांगतो. नव्या साहेबांना तुटलेलं सील आणि चिठ्ठी सापडली होती. ते लालबुंद झाले. त्यांनी मला बोलावून मेमो सांगितला. सरकारी सील तोडणे, वाटणीपूर्व मालमत्तेची अफरातफर, परवानगीशिवाय खात्याबाहेरच्या कामात लुडबूड. तिकडे तो माझ्या भाचीसाठी दुर्बिणीचा स्क्रू फिरवत होता आणि इकडे मी त्याच्यावरचा मेमो टाइप करत होतो. तीन प्रती, मध्ये कार्बन. एकही चूक केली नाही.

मेमोत प्रश्न होता, हे कृत्य कोणाच्या हुकमावरून केले? सूर्यभानने त्याच कागदाच्या पाठीवर मराठीत उत्तर लिहिलं. 'हुकूम कोणाचा नाही. लेकरू मरणार होते. मला दिसत होते.' साहेबांनी तो कागद माझ्याकडे फेकला आणि इंग्रजी करून मागितलं. मी केलं. 'मला दिसत होते' ह्याचं इंग्रजी मी काय केलं ते आता आठवत नाही, पण साहेबांना त्यात उद्धटपणा दिसला.

त्याची प्रयोगशाळा सुटली. मागच्या आवारात कुत्र्यांचे पिंजरे धुवायचं काम दिलं, खोलीत पाऊल ठेवायचं नाही अशी लेखी ताकीद. त्याच्या जागी सर्टिफिकेटवाला टेक्निशियन आला. सुपारीच्या औषधाचा ट्रे करणं त्याच्या प्रतिष्ठेत बसेना, तो नुसती चिमूटभर विष्ठा काचेवर फासून बघायचा. पुढच्या दोन वर्षांच्या रिपोर्टांत कणीचा जंत एकदाही नाही. कागदावर हैद्राबादची सगळी कुत्री ठणठणीत झाली! मी ते रिपोर्ट टाइप केले. सूर्यभान पिंजरे धुता धुता फरशीवरचा घाणेरडा लोंढा बघायचा आणि मला सांगायचा, "राव, त्या तांबड्या कुत्र्यात हाय बगा." मी म्हणायचो, "बरं."

मोठ्या डॉक्टरांनी त्या केसवर परिषदेत निबंध वाचला, त्यात आमच्या खात्याचे आणि नव्या साहेबांचे आभार होते. किशनरावांनी डॉक्टर आणि साहेब, दोघांच्या घरी मिठाई पाठवली. सूर्यभानच्या घरी एक धोतर पाठवलं, वापरलेलं. पंचफुलाने ते नोकराच्या हाती परत दिलं आणि म्हणाली, "सांग मालकाला, आमच्या अंगावर धड कापडं हायत." किशनराव म्हणाले, काय माज आहे. मी तिथेच बसलो होतो, चहा पीत.

उन्हाळ्यात एका रविवारी मी सत्यवतीकडे गेलो. जयवंता हिंडूफिरू लागली होती. आईला न सांगता ती सूर्यभानच्या घरी जाऊन आली होती, पंचफुलाच्या हातची भाकरी खाऊन. सत्यवती त्यावरून तिला बोलत होती. पोरगी ऐकून घेत होती. मग आई आत गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, काळ्याला साखळी लावून कुत्र्यांच्या दवाखान्यात तुम्हीच नेलं होतं ना?"

"हो."

"आणि मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या खाटेपाशी उभे होता. मी जागी होते."

मी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

तेरा वर्षांच्या पोरीला काय सांगणार? दुसरं काही सुचलं नाही म्हणून खरं तेच सांगितलं. म्हणालो, "हैद्राबादेत राहायला मिळावं म्हणून माझी अर्जी होती, साहेबांकडे."

तिने थोडा विचार केला. चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग मिळालं का राहायला?"

"मिळालं," मी म्हणालो.